मुठीचं वजन

ती आली तेव्हा पहाटेचे चार वाजले होते,
भट्टी नुकती लाल होऊ लागली होती.
विद्यापीठातून आलेय, म्हणाली. नाव इओलांदा.
पिशवीतून सोनाराकडे असतो तसला काटा काढला.
मला वाटलं, करखात्याची असणार.

"पिठात मीठ किती घालता, बेलमीरो?"
"मूठभर."
"कुणाची मूठ?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं.
माझ्या बापाची, त्याच्या बापाची,
मग चाळीस वर्षं देओलिंदाची,
आणि तिचा उजवा हात झोपला त्या सकाळपासून
माझी.

तिनं माझी मूठ तीनदा तोलली.
तिन्ही वेळा वेगळी भरली,
दर वेळी जास्त.
हात थरथरत नव्हता, एवढं लिहून घे, मी म्हणालो.

मग उंबऱ्यावर बसली, हातात मक्याच्या पावाचा गरम तुकडा.
दवाखान्याच्या जुन्या वह्या चाळल्यात आम्ही, म्हणाली.
तुमच्या खोऱ्यातली माणसं अचानक पडतात
द्राक्षं तोडताना, अंगण झाडताना, चर्चच्या पायरीवर.
अचानक काही नसतं.
वीस वर्षं चालत येतं ते, अनवाणी,
रोज न्याहारीच्या वेळेला.

"म्हणजे मीच?"
नाही, म्हणाली. खारवलेला मासा आहे,
अर्ध्यात सोडलेल्या गोळ्या आहेत,
डॉक्टरपर्यंत दोन बस आहेत.
पण पाव सगळेच खातात.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
गाव जागलं माझ्या मिठाला.
जरा जास्तच.

ठरलं, आठवड्याला एक चिमूट कमी.
गावसभेत सांगितलं, दारावर कागद लावला.
कागद कोण वाचतो.
कुणी विचारलंच नाही, मीही मिठाची गुळणी धरली.

सातव्या आठवड्यात म्हातारी नोएमिया म्हणाली,
पाव उदास लागतो हल्ली,
बायकोची इतकी काळजी करू नकोस.
फादरना वाटलं, पीठ चांगलं आलंय.
बाकीचे थंडीला शिव्या देत राहिले.

दर शनिवारी इओलांदा पोरं घेऊन यायची,
रांगेतल्या बायांच्या दंडाला पट्टा बांधायची पोरं.
"श्वास सोडा, शांत बसा,"
सांगणाऱ्याचाच आवाज कापायचा.
त्यातल्या एकाला मळायची हौस लागली.
त्याचे वाकडे पावही खपले.

पुढच्या वसंतात मला तिकडे बोलावलं.
उतरत्या बाकांची खोली, दोनशे पोरं,
पुढ्यात मिठाचं भांडं.
मूठ भरली, काट्यावर ओतली.
आकडा भिंतीवर केवढा तरी मोठा दिसला.
काय बोलणार. म्हणालो,
हे मला आधी कुणी विचारलं नव्हतं.
कुणी हसलं नाही.
मागच्या बाकावरची एक मुलगी लिहून घेत होती.

घरी आलो तर देओलिंदा भट्टीजवळ खुर्चीत.
डाव्या हातानं पाव तोडला तिनं.
तिचे शब्द आता दगडादगडावरून
ओढा ओलांडल्यासारखे येतात.
"मीठ," ती म्हणाली.
मी गप्प.
"पहिल्या... दिवशीच... कळलं."
अर्ध्या ओठांनी हसली.

मग बोलली का नाहीस, मी विचारलं.
तिनं दुसरा तुकडा तोडला.