वाळूची बादली

पापाच्या तिकटीला मुल्लाणीच्या दुकानात
काउंटरखाली बादली आहे,
उद्यमनगरातल्या काळ्या वाळूची.

धोंडिबा लोहार फोन ठेवतो.
"चालतोय की अजून, नुसतं झाकण बसंना."
मुल्लाणी श्वास धरून झाकण उचलतो.
आत बॅटरी, पुरीसारखी टम्म.
"रात्री कुठं ठेवता?"
"उशाखाली, चार्जिंगला.
रातपाळी सुटली की नातीचा फोन येतोय, दुबईहून."

मुल्लाणी बोलत नाही,
डावा तळहात उलटा करून दाखवतो.

तीस वर्षं धोंडिबानं भट्टीवर रस ओतला.
साचा ओला राहिला
तर लोखंड कसं उसळतं, त्याला कुणी सांगायला नको.
तो फक्त बाही वर सारतो.

चिमट्यानं बॅटरी वाळूत जाते, हळू.

"नवी घाल. आन् वायर लांब दे,
कोनाड्यापतोर पुरंल अशी."