गिऱ्हाइकाचं आणि आपलं

डॉक्टरनं कागदावर मधोमध रेघ ओढली.
डावीकडे खायचं, उजवीकडे नाही.
उजवीकडे माझी अख्खी गाडी होती:
मैदा, तळण, अजिनोमोटो,
डबीतला लाल रंग.
(हाच डॉक्टर कॉलेजात असताना
हाफ प्लेट खाऊन म्हणायचा, पैसे उद्या.)

नंदुरबारच्या बसस्टँडबाहेर
सतरा वर्षं मी चिनी होतो.
पाटीवर ड्रॅगन, रंगाऱ्यानं
मगरीसारखा काढलेला,
खाली आईचं नाव: धुरपदा चायनीज.

कोंबडी दोनदा तळायची,
एकदा दिवेलागणीला, एकदा ऑर्डर आल्यावर.
तेल काळं झालं की त्यावरच नवं ओतायचं.
काळं कुणाला दिसत नाही,
लाल सगळं झाकतं.

आणि गाव कसलं, तर मिरचीचं!
थंडीत पथाऱ्या पडतात,
एकरामागून एकर नुसतं लाल,
खोकल्याशिवाय सायकल पुढे जात नाही.
कोकिळा तिथे देठ खुडायला जायची,
रात्री बोटं ताकात बुडवून बसायची.
आणि तिचा नवरा लाल आणायचा सुरतेहून,
पन्नास ग्रॅमची डबी,
जिला मुंग्यासुद्धा शिवत नव्हत्या.

आता गाडी भाच्याकडे आहे.
माझ्या छातीत दोन स्प्रिंगा
आणि घरी दोन बर्नरची शेगडी,
जिची आच बघून कढईला झोप येते.

परवा रात्री झोप नव्हती, तेव्हा आठवला
दिलबहादूर. माझा पहिला उस्ताद.
चीन त्यानंही पाहिला नव्हता.
एक वाजता ताडपत्री ओढली
की कढई राखेनं घासायचा तो,
कातडी काढून बाजूला ठेवलेले चार तुकडे घ्यायचा,
आलं काडीसारखं चिरायचा,
तेल एवढंसं, बाकी पाण्याचा हबका,
झाकण. वरून कांद्याची पात.
मी विचारलं होतं, अन् लाल?
म्हणाला, ते गिऱ्हाइकाचं.
हे आपलं.

पुढच्या साली तो गावी गेला, परत आला नाही.
आणि मी कंटाळ्यानं
रोज गिऱ्हाइकाचंच खात राहिलो.

आज चारला उठलो, मंडईत गेलो.
कोंबडीवाल्याला म्हटलं, छातीचं दे, बिनकातडीचं.
तो म्हणाला, शेठ, पाहुणे आजारी आहेत का?
घरी अंड्याचं पांढरं, चिमूटभर मक्याचं पीठ,
शेंगदाण्याचं तेल एक चमचा,
चमचा सपाट करून, बोट फिरवून.
सोया सॉस अर्धाच, त्यातही मीठ असतं.
गुळाचा खडा. ढोबळी मिरची.
पाणी शिंपडलं तशी तव्यातून वाफ उठली
आणि उजव्या मनगटाला
सतरा वर्षांची सवय आठवली.
उलथनं कडेवर दोनदा वाजवलं,
ऑर्डर झाल्यासारखं.

कोकिळानं ताटात बघितलं.
‘लाल कसं नहीं शे हाई?
चिनी लोके बी आज्यारी शेतस का?’
मग भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला.
काही बोलली नाही.
दुसरा बुडवला.
मग उठून फळीवरनं
पथारीतून आणलेली एक मिरची घेतली,
तव्यावर भाजून, चुरून
माझ्या ताटावर भुरभुरली.
तिची बोटं तशीच जाड, लालसर.
ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं,
दोघं हसलो.

तेवढ्यात भाच्याचा फोन.
मागे गाडीचा गोंगाट,
भट्टीचा तो भर्र आवाज.
‘मामा, रंग संपलाय, गर्दी आहे,
तुमच्याकडे एखादी डबी राहिली का?’

डबी होती. मिठाच्या बरणीमागे,
अर्धी, झाकण घट्ट.
मी तिच्याकडे बघितलं.
कोकिळानं माझ्याकडे.

‘ये,’ म्हणालो,
‘पण जेवूनच जा.’
तिनं तिसरं ताट मांडलं,
आणि मी तव्यात पुन्हा
पाण्याचा एक हबका मारला.