एकाच जागी दोन पृष्ठभाग

गुरुवार. भोसरीत एमआयडीसीची सुट्टी.
खालची प्रेस बंद, म्हणून खुर्चीला हादरे नाहीत,
टपरीवरचा चहासुद्धा आज अर्धाच उकळलेला.
वर डिझाइनच्या खोलीत मी एकटी,
आणि स्क्रीनवर एका ब्रॅकेटचा उजवा गाल
लुकलुकतोय.

जरा फिरवला की राखाडी. आणखी जरा, हिरवा.
माउस सोडला की दोन्ही,
वेताच्या खुर्चीसारखे एकमेकांत विणलेले.
जवळ जावं तर कडा गायब,
लांब जावं तर परवा पुसलेलं एक भोक
थकलेल्या वीजबिलासारखं पुन्हा दारात.

मुजावरला फोन लावला. तो कोंढव्यात, घरी.
मागे कुकरची शिट्टी.
"ड्रायव्हर बदललाय का कोणी?"
म्हटलं, व्हॅनचा बदललाय, सोमवारी.
तो हसला नाही.
"कार्डाचा. नवा असेल तर काढ, जुना टाक."

टाकला.
स्क्रीन काळी झाली, मग अक्षरं ही एवढाली,
घरी चष्मा विसरलेल्यासाठी छापावीत तशी.
मग ब्रॅकेट परत आलं.
कडा आल्या, भोक गेलं.
गाल लुकलुकतोच.

"हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद कर."
केलं. आता ब्रॅकेट म्हशीसारखं वळतं,
आधी ऐकतं, मग विचार करतं, मग मान फिरवतं.
गाल लुकलुकतोच.

"मग कार्डच गेलं," मुजावर म्हणाला, "उद्या बघू,"
आणि ताटात काहीतरी वाढल्याचा आवाज.
उद्या नऊला चाकणहून माणूस येणार मॉडेल न्यायला.
त्याला कार्डाचं सांगून भागत नाही.

कॅबिनेट उघडलं. पंख्यावर धूळ, धुळीत
खालून उडत आलेली पत्र्याची बारीक चमक.
ब्रशनं झाडली. काही नाही.
शेवटी फाइल शेडग्यांच्या मशीनवर उघडली.
तिथेही तोच गाल. त्याच पट्ट्या.

अंगण दोनदा झाडून झालं होतं,
आता नाचाकडे बघणं आलं.

फीचर ट्री उघडला, एकशे बारा ओळी.
बेचाळिसावी, इंग्रजी अक्षरांत मराठी:
हात लाऊ नये खोत.

खोत जूनमध्ये निवृत्त झाले.
ड्राफ्टरवर उमेदवारी केलेला माणूस,
कीबोर्डवर एकच बोट, पण ते हातोडीसारखं.
स्वतःचे पृष्ठभाग हिरवे ठेवायचे,
का ते मी कधी विचारलं नाही.
आणि जुलैत मी, ओळ न वाचता,
त्यांच्या पृष्ठभागावर माझा ताणला,
त्याच मापाचा, राखाडी.

दोघांत अंतर शून्य.
कॉम्प्युटर प्रत्येक ठिपक्याला विचारतो, पुढे कोण?
दोन्हीकडून एकच उत्तर: मी.
बिचारा थोडं याचं दाखवतो, थोडं त्याचं.
कार्ड खोटं बोलत नव्हतं.
सकाळपासून खरं तेवढं तेच सांगत होतं.

आता दिसलं,
खालचा एक कोपरा मुळी लुकलुकतच नाही.
तिथे हिरवा, शांत, ठाम.
मोजलं. खोतांचा पृष्ठभाग तिथे
पाच शतांश मिलिमीटर बाहेर.
पत्रा वाकवला की थोडा परत येतो,
तेवढं त्यांनी आधीच देऊन ठेवलेलं.
माझा सरळ. दिसायला बिनचूक.

माझा पुसला.
गाल थांबला.

अ‍ॅक्सिलरेशन परत चालू. ब्रॅकेट भिंगरीसारखं फिरलं.
मुजावरला लिहिलं, कार्ड ठणठणीत.
त्याचा अंगठा आला, बहुतेक उष्ट्या हाताचा.
खोतांना फोन करावा असं वाटलं,
पण वाजले अडीच, सांगवीत ते झोपले असणार.

बेचाळिसाव्या ओळीपुढे टाइप केलं:
कारण पत्रा परत येतो, ०.०५.
लाऊचं लावू करणार होते.
नाही केलं.
सांगितलंय ना, हात लाऊ नये.