आठ चाकांची गाडी

गाडी घेतली तेव्हा चाकं आठ मिळाली.
चार गाडीखाली, चार गायधनींच्या माळ्यावर
जुन्या चादरीत बांधलेली.
मुलगा म्युनिकहून परतला तेव्हा
सामानाच्या कंटेनरमधून तीही आली,
तो पुन्हा गेला, ती राहिली.
"हीही न्या," गायधनी म्हणाले, "बर्फातली आहेत."
नाशिकमध्ये. मे महिन्यात. दुपारी दोन वाजता.

अंबडला माझा गाळा. तीन लेथ, एक मिलिंग.
एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे बुश काढले,
शतांशात चुकलो की माल परत.
आणि आता ही, काळी, बुटकी,
चालू केली की आधी छातीत वाजते, मग कानात.
शालन म्हणाली, "बसताना विहिरीत उतरल्यासारखं वाटतं."
तरी पदर खोचून बसली,
गंगापूर रोडला काच खाली करायला लावली,
मैत्रिणीच्या घरापुढे हळू घ्यायला लावली.

लोकांना गाडी दिसते. मला रिम दिसतात.
द्वारकेच्या खड्ड्यात पुढचं डावं चाक वाकलं
त्या रात्री मी जेवलो नाही.
सकाळी डायल लावून फिरवलं,
ऐंशी शतांश.
एवढ्यावर मी अख्खा लॉट नाकारला असता.
मुश्ताकने टायरच्या कडेवर बोट आडवं धरलं :
"शेठ, याच्यात रबर कुठाय? नुसती किनार आहे.
ही गाडी रस्त्यावर नाही, काचेच्या कपाटात चालवा."

दर रविवारी जुना टूथब्रश घेऊन बसतो.
ब्रेकची काळी पूड स्पोकच्या बेचक्यात जाते,
नखात जाते, भाकरीच्या घासापर्यंत येते.
नट आवळायचे ते समोरासमोर,
चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब बांधतात तसे,
थोडं इकडे, थोडं तिकडे,
पाना टक् म्हणेपर्यंत.
तो टक् ऐकायला कधी कधी
घट्ट नट पुन्हा सैल करतो.
हे शालनला माहीत नाही.

बर्फाची चार गाळ्यात ठेवली, उन्हापासून लांब.
खंडेनवमीला लेथवर, मायक्रोमीटरवर
आणि आठही चाकांवर हळदकुंकू वाहिलं.
त्या चौघांच्या अंगावर नागमोडी बारीक चिरा,
कडेला कोरलेला डोंगर, डोंगरात बर्फाचं फूल.
मुश्ताकने चष्मा पुसून आकडे वाचले :
सन सोळा, अडतिसावा आठवडा.
"म्हातारे झाले. आपल्या उन्हात लोण्यासारखे झिजतील.
सात अंशांच्या खाली यांचा जीव. विकून टाका."

सात अंश.
तेव्हापासून पेपरात मी आधी निफाडचं तापमान बघतो,
मग मयतांची पानं.

जानेवारीत एका पहाटे तीन वाजता
गाळ्यात एकट्याने चारही बदलली.
वीस नट, वीस वेळा टक्.
साठच्या वर काटा नेला नाही, म्हाताऱ्यांना घेऊन निघालो होतो.
चांदोरीला साडेपाच. पुढे चार.
कोठुऱ्याच्या अलीकडे तीन, आणि काट्याशेजारी
आपोआप उजळलं ते फूल,
चाकावर होतं तेच, बर्फाचं.
मी गाडी बाजूला घेतली. हात थरथरत होते, थंडीनेच असतील.

द्राक्षांच्या बागेत शेकोट्या, धूर जमिनीलगत,
ड्रिप चालू, आणि मांडवाखाली एक बाई
बॅटरी मारून थर्मामीटर वाचत होती.
"किती?" मी रस्त्यावरून विचारलं.
"साडेतीन."
"माझ्याकडे तीन."
"तुमचं खोटं असेल. माझं वेलीला टांगलंय."
यंत्रावरून वाद घालणारी माणसं मला आवडतात.
ती बाहेर आली, गाडीभोवती फिरली,
बॉनेटकडे पाहिलंही नाही.
वाकून टायरला अंगठा लावला,
मणी पिकला का बघतात तसा.
"एवढ्या गारठ्यात मऊ कसं?"
मी सांगायला लागलो, रबर, सात अंश, म्युनिक,
पण पलीकडची शेकोटी विझत होती, ती धावली.

दहाला अंबडला पोचलो तेव्हा एकोणीस.
जॅक लावला.
अंगठ्याची जागा रबरावर दिसत नव्हती,
तरी ते चाक सगळ्यात शेवटी काढलं.