चिठ्ठीतली शेवटची ओळ

हंचिनमनी बाई हुबळीला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या
तेव्हा गच्चीची किल्ली माझ्या हातात दिली,
आणि कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेली एक चिठ्ठी.
एप्रिलची एकोणीस. वडगावात वीज गेलेली,
सगळे माग गप्प, म्हणून त्यांचं बोलणं नीट ऐकू आलं:
"नीर हाकरी अण्णा, अष्ट साकु."
पाणी घाला, एवढं बस.

बोलायला कानडी येतं मला, भांडायलाही येतं.
वाचायला मात्र बसच्या पाटीपुरतं:
खानापूर, गोकाक, बैलहोंगल.
तरी अक्षराला अक्षर लावत गेलो
तुटलेला ताणा जोडतात तसा,
एक टोक इकडचं, एक तिकडचं, थुंकी लावून गाठ.
मल्लिगी म्हणजे मोगरा. संध्याकाळी दोन तांबे.
दासवाळ म्हणजे जास्वंद. तिला तांदूळ धुतलेलं पाणी.
कनकांबरा म्हणजे आपली अबोली. तिला सावली.
शेवटची ओळ कागदाच्या कडेला चेंगरलेली,
वर नेमका चहाच्या कपाचा गोल.
म्हटलं, असेल देवाचं नाव वगैरे.

तेवीस कुंड्या. त्यांतले नऊ रंगाचे डबे.
नळाला पाणी आठव्या दिवशी, पहाटे तीनला,
व्हॉल्व्हवाला विसरला तर दहाव्या.
भांडी विसळलेलं पाणी मी बादलीत साठवू लागलो.
शालन म्हणाली, "स्वतः दोन तांब्यांत आंघोळ
आणि शेजारणीच्या फुलांना बादली. बरं चाललंय की."
दुसऱ्या दिवशी डाळीचं धुवण घेऊन तीच वर आली:
"सर तिकडं, मी घालतो. तू झोप जा."

दुपारी गच्चीवर चप्पल राहिली तर रबराचा वास सुटायचा.
अबोलीवर साडी बांधली, जांभळी, माझ्याच मागावरची,
काठात खोट निघाली म्हणून शेटनं परत केलेली.
त्या उजेडात अबोली जास्तच केशरी दिसायची.
मोगऱ्याला कशाचंच काही नव्हतं.
ऊन चढेल तशा कळ्या, रोज ओंजळभर.
शालन गजरा करायची
आणि त्यातला वीतभर
बाईंच्या बंद दाराच्या कडीला अडकवून यायची.

आणि कठड्यावर, भर उन्हात, एक बुटकं झाड.
बुंधा पोटुशीसारखा, पानं मोजून अकरा, गुलाबी फुलं दोन.
त्याचं नाव मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं.
सगळ्यांत जास्त दया त्याचीच आली.
रात्रपाळीला जाताना एक तांब्या, येताना एक.
कधी बाटलीत उरलेलं प्यायचं पाणीसुद्धा.

बारा मेला बुंधा दाबला
तर बोट आत गेलं.

बाई एकविसाला आल्या.
त्या जिन्याच्या दोन पायऱ्या चढायच्या आत
मी सांगून टाकलं.
त्यांनी नख लावलं, वास घेतला, चिठ्ठी मागितली,
आणि चहाच्या डागावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं:
"कट्टी म्यालिंदक्क नीर ब्याड."
कठड्यावरच्याला पाणी नको.

एवढ्या उन्हात, या गल्लीत,
आठव्या दिवसाच्या पाण्यात
एक झाड मी बुडवून मारलं.

बाई आधी गप्प, मग पदर तोंडाला लावून हसल्या.
"बिडरी. सुरी आणा."
शेंड्याकडची एकच फांदी घट्ट होती, तेवढी कापली.
चीक पुसत म्हणाल्या, मराठीत, सावकाश,
"पंधरा दिवस कोरडी ठेवा. तोंड सुकू दे.
बाळाची नाळ सुकते की, तसं.
मग वाळूत. पाणी मी सांगेन तेव्हा."

ती फांदी आता मागाच्या खुंटीला टांगली आहे,
कांड्यांच्या डब्यावर.
माग चालू झाला की थरथरते, वीज गेली की थांबते.
आज पाचवा दिवस.
जाता-येता हात तांब्याकडे जातो.
मी तो खिशात घालतो.