बदलाचं कारण

कर्वेनगरात, झेरॉक्सवाल्याच्या वर, आमचं ऑफिस.
गेम तयार झाला की त्याचं वय मी ठरवते.
म्हणजे ठरवत नाही, फॉर्म भरते.
वय फॉर्म सांगतो.

रक्त दिसतं का? दिसतं.
कोणत्या रंगाचं? लाल.
हिरवं असतं तर काही वर्षं वाचली असती.
जमिनीवर राहतं की पुसलं जातं?
मरणारा ओरडतो का?
माणूस आहे, की माणसासारखा?
कुणी दारू पितं का?
इथे शाहिदने पिंपाला जांभळा रंग फासला,
वर लिहिलं कोकम सरबत,
आणि अख्खा गुत्ता निर्व्यसनी झाला.
निमकर सर म्हणाले, पुण्यात हे काही पहिल्यांदा होत नाहीये.

उत्तर आलं: सोळा.
सोळाला खपत नाही, सर म्हणाले, बारात बसव,
शिंप्याला सांगावं तसं, जरा आत घे.

कुठे अडतंय ते शोधलं.
मेलेले शिपाई जागच्या जागी पडून राहत होते.
त्यांना तीन सेकंदांत नाहीसं केलं,
धुराचा एक छोटा फुगा, की रस्ता स्वच्छ.
फॉर्म पुन्हा भरला. बारा.
मारणं तेवढंच होतं, एकही वार कमी नव्हता,
फक्त उरणं काढलं.

त्याच आठवड्यात शेलारकाका गेले,
नवले पुलाच्या उतारावर, रिकामी रिक्षा घेऊन परतताना.
पाच वर्षं निहारला शाळेत न्यायचे.
सहा पन्नासला दोनदा हॉर्न,
शुक्रवारी श्रीखंडाची गोळी.
निहार दहाचा.
मी आणि अविनाशने स्वयंपाकघरात,
कुकरच्या शिट्ट्यांआड, निकाल लावला.
काका गावाला गेले, आम्ही सांगितलं. शेती बघायला.
त्याने विचारलं, भोरला?
हो, भोरला.
आणि तो खेळायला गेला.

मार्चमध्ये पत्र आलं.
कुणा रिकामटेकड्याने गेमच्या फाइली उसवल्या होत्या,
तळाशी एक दृश्य सापडलं,
शाहिदने बंद केलेलं, पुसलेलं नव्हे.
पडलेला शिपाई. तो नाहीसा होत नाही.
एक बाई येते, त्याच्या पायातले जोडे काढते
आणि शेजारी बसते.
बसूनच राहते.
शाहिद म्हणाला, डिलीट करवेना.
पत्रात लिहिलं होतं,
दिसत नसलं तरी डब्यात आहे ते आहे,
वय सगळ्या डब्याचं लागतं.
रात्रीत बाराचे सोळा झाले.

बसमध्ये निहारला मळमळायचं,
म्हणून त्याच महिन्यात पुन्हा रिक्षा लावली.
शेलारकाकांचाच भाचा. फोनवर त्याला बजावलं होतं,
मुलाला माहीत नाही.
त्याने सांगितलंही नाही काही.
आरशाखाली फोटो होता, एवढंच.

निहार घरी आला. दप्तर पाठीवरच.
आई, गावाला गेलेल्या माणसाला हार घालतात का?

दिवसभर मी लोकांच्या मुलांना काय झेपेल ते सांगते,
टक्क्यांत, सेकंदांत, रंगांत.
त्याने पुढे विचारलं, कितवीत सांगणार होतीस?
खरं सांगते, मनात एकही आकडा नव्हता.

तो दाराशीच खाली बसला, फरशीवर.
मी त्याचे बूट काढले.
त्याने काढू दिले.
मग मीही तिथेच बसले,
लिफ्ट वरखाली होत राहिली,
समोरच्या काकू एकदा डोकावून आत गेल्या.

रात्री सुधारित फॉर्म भरायचा होता.
बदलाचं कारण: एक ओळ, रिकामी.
लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं,
मजकूर नवीन नाही.
होता तोच होता.
आता सापडला.