सातवी सही

जिल्हा कोर्टाच्या मागच्या फाटकाशी, कडुनिंबाखाली
माझं मशीन. गोदरेजचं, वडिलांच्या वेळचं.
त्यात घ एका ठोक्यात येत नाही.
आधी अर्धा उमटतो, मग त्याला काना द्यावा लागतो.
अशा किती संघांना काने दिले या बोटांनी,
मोजले नाहीत.
संत्रा आडतिया संघ. घरमालक संघ.
सेमिनरी हिल्सवर पहाटे फिरणाऱ्यांचाही एक,
त्यात अध्यक्षपदावरून फाटलं
आणि दोन महिन्यांनी त्याच टेबलावर
मी दुसरा टाइप केला.
दर तोच. पानाला पंधरा, कार्बन वेगळा.

मग कळमन्याच्या बाया आल्या.
संत्री निवडणाऱ्या. मोठं, मध्यम, चुरी.
लुगड्यांना सालीचा वास, नखांत पिवळं.
गिरजा पराते पुढे झाली,
"भाऊ, संघटना लिहून द्या,"
रेशनकार्डावर नाव चढवायला सांगावं तसं.
मी विचारलं, उद्देश?
त्या एकमेकींकडे पाहत राहिल्या.
"संडास," रमला उईके म्हणाली.
"अन् दुपारी बसाले सावली."
"अन् काट्यापाशी आपला एक मानूस."
मी ठोकलं: सभासदांच्या कल्याणासाठी
सर्व सनदशीर मार्गांनी झटणे.
वाचून दाखवलं.
"याच्यात संडास कुठं हाये?"
कागद काढला, नवा घातला.
उद्देश क्रमांक एक: संडास.

मी सांगितलं, एकोणीस, एक, ग.
संघ करण्याचा हक्क. सरकारची मेहरबानी नव्हे.
आणि थोडं खाली, चार नंबरला, वाजवी निर्बंध.
"वाजवी म्हंजे?" नसीमबीनं विचारलं.
कोर्टाला वाटेल ते, मी म्हटलं.
"आडतिया बी वाजवी दामच म्हनते,"
ती म्हणाली, आणि हसली नाही.

किमान सात सह्या.
सातवी शेवंता नंदेश्वरची, शाळेतल्यासारखी गोल.
शुक्रवारी केली. सोमवारी येऊन खोडली.
मधल्या रविवारी कुणीतरी तिला म्हणालं होतं,
उद्यापासून येऊ नको, पोरालाही आणू नको.
रोजीला नेमणुकीचं पत्र नसतं,
म्हणून काढल्याचंही नसतं.
मी जुनी फाईल चाळली. कलम सरकारचा हात धरतं.
आडतियाचा नाही.
त्यांचा संघ नऊ दिवसांत नोंदला गेला होता,
टायपिंग माझंच, एकही खाडाखोड नाही.

डिसेंबरात अधिवेशन भरलं.
सहाच जणी निवेदन घेऊन निघाल्या.
मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला शिपायानं अडवलं.
जमावबंदी. पाच किंवा अधिक.
त्यानं बोटानं मोजलं, "सहा आहात. दोन कमी करा."
गिरजा मागाहून मला सांगत होती,
"तिकडं एक कमी पडते,
इकडं दोन जास्त होते.
आमी नेमकं किती असाव, भाऊ?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
चहा मागवला. सहा कट.

त्या तिघी-तिघी झाल्या होत्या,
मधे एका रिक्षाएवढं अंतर सोडून.
आणि समोरच्या फुटपाथवर, गिरजा म्हणते,
शेवंता होती. एकटी. हातात पिशवी.
हिकडं पाहत नव्हती.
पण ह्या थांबल्या की थांबायची,
निघाल्या की निघायची.
एका बाईच्या चालण्यावर
अजून तरी आदेश निघालेला नाही.

काल दिवे लागताना ती आली.
पिशवीतली चार चुरी संत्री टेबलावर ठेवली.
"खोडलेली सही परत धरतात का हो?"
मी म्हटलं, ठाऊक नाही. नवं पान करू.
"पंधरा?"
राहू दे, म्हणालो, आणि लगेच वाटलं
राहू दे म्हणायला नको होतं.
तिनं मोजून पंधरा ठेवले.

कागद चढवला. तारीख.
सं. मग अर्धा घ.
काना द्यायच्या आधी बोट थांबलं,
तिचा हात कागदाच्या कडेवर होता,
वाऱ्यानं उडू नये म्हणून.